बोस्टनच्या व्यापाऱ्यांचं मेडल: आधी देणाऱ्याचं नाव वाचा

ताई, बाकी सगळं नंतर. आधी मुलाला फोन करून सांगा की मेडल पुसायचं नाही, धुवायचं नाही, आणि नाशिकला आणल्यावर त्याला चिंच किंवा पितांबरी तर मुळीच लावायची नाही. आपल्याकडे तांब्या-पितळेचं काही हाती आलं की ते लख्ख केल्याशिवाय चैन पडत नाही. देवाच्या ताम्हनाला ते ठीक आहे. या मेडलचा चॉकलेटी रंग मात्र मळ नव्हे. एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या मेडलला तो टांकसाळीतच मुद्दाम चढवला जायचा. तो एकदा गेला की परत येत नाही. खूप वर्षांपूर्वी एक गृहस्थ पणजोबांचं मेडल रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आले होते. येण्याआधी घरच्यांनी ते कौतुकाने चिंचेने घासलं होतं. माझ्या हातात गुलाबी तांब्याची चकती पडली. चेहऱ्यावरच्या केसांच्या रेषा सपाट झालेल्या. त्यांना काय सांगावं ते मला सुचेना. तुमच्या बाबतीत ते टळावं म्हणून हे सगळ्यात वर लिहिलं.

आता तुमचा प्रश्न, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा बोस्टनजवळ राहतो. तिथे एका जुन्या घरातलं सामान विक्रीला निघालं होतं, त्यात त्याला हे जाडजूड मेडल मिळालं. व्यास ६४ मिलिमीटर. एका बाजूला माणसाचं डोकं आणि कमोडोर एम. सी. पेरी हे नाव, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेटोळ्यात बराच इंग्रजी मजकूर, त्यात जपान आणि १८५४. तुम्ही विचारलंत की हे लढाईतलं शौर्यपदक आहे का, अस्सल आहे का, किंमत काय येईल, आणि जपान-अमेरिका व्यापाराशी निगडित अशी आणखी मेडलं जमवायची असतील तर सुरुवात कुठून करावी. पाठवलेले चारही फोटो मी मोठे करून पाहिले.

लढाईशी याचा संबंध नाही. गल्लत होणं साहजिक आहे, कारण पेरी अमेरिकन नौदलाचा अधिकारी होता आणि तोफा लावलेली काळी जहाजं घेऊन १८५३ साली एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, उपसागरात शिरला होता. पण तुमच्या मेडलची मागची बाजू शब्द न् शब्द वाचा. मी नव्या मुलांना शिकवतो तेव्हा हाच नियम सांगतो: चेहरा कोणाचा हे नंतर बघा, आधी बघा की मेडल कोणी दिलं, कोणाला दिलं आणि कशासाठी दिलं. चेहरा फसवतो, मजकूर सहसा फसवत नाही.

तिथे लिहिलंय: ‘प्रेझेंटेड टू कॉम. एम. सी. पेरी, स्पेशल मिनिस्टर फ्रॉम द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका, बाय मर्चंट्स ऑफ बोस्टन’. पुढे म्हटलंय की जपानशी आणि ल्यू च्यूशी तह घडवून आणण्यात त्याने जी सेवा केली, तिच्याबद्दलच्या कृतज्ञतेची ही खूण. तीन गोष्टी नजरेत भरतात. देणारे बोस्टनचे व्यापारी. सरकार नाही, नौदल नाही. पेरीला इथे त्यांनी ‘स्पेशल मिनिस्टर’, म्हणजे खास वकील म्हटलंय. हा वकील कोर्टातला नव्हे, पेशव्यांच्या दरबारी परक्या सत्तेचा वकील असायचा त्या अर्थाचा. दर्शनी बाजूला कमोडोर आणि मागे वकील, एकाच माणसाच्या दोन भूमिका एकाच चकतीवर. आणि आभार मानले आहेत ते वाटाघाटींचे. युद्धाचा शब्दही नाही. पैसे व्यापाऱ्यांचे, म्हणून भाषाही व्यापाऱ्यांची.

स्पेलिंगही बघा. तहाचं ठिकाण ‘योकु-हामा’ असं कोरलंय, तारीख ३१ मार्च. म्हणजे आजचं योकोहामा. तहाला इतिहासात कानागावाचा तह म्हणतात, सह्या झाल्या त्या शेजारच्या योकोहामाला, त्या वेळी ते एक कोळीवाडाच होतं. ‘ल्यू च्यू’ म्हणजे र्‍युक्यू बेटं, आजचं ओकिनावा, आणि ‘नापा’ म्हणजे नाहा. तो करार ११ जुलै १८५४ चा. जपानी नावं इंग्रजीत कशी लिहायची हे तेव्हा ठरलेलं नव्हतं, कानाला जसं ऐकू आलं तसं कोरलं. म्हणून ही स्पेलिंगं चुकीची वाटली तरी घाबरू नका, ती अशीच असायला हवीत. उलट एखाद्या तुकड्यावर आजच्यासारखं नीट ‘योकोहामा’ दिसलं तर मी तो बाजूला ठेवीन.

ठसा फ्रान्सिस मिचेल या कारागिराने कोरला, साल १८५६. मेडल फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलं गेलं. पेरीसाठी सोन्याचं, आणि त्याच ठशातून चांदीची आणि तुमच्यासारखी तांब्याची. ही बोस्टनकरांची एकट्यांची हौस नव्हती. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी पेरीला चांदीच्या भांड्यांचा मोठा संच दिला होता.

बोस्टनच्या लोकांना एवढं काय पडलं होतं? त्या किनाऱ्यावरची व्हेलच्या शिकारीची जहाजं पार जपानच्या पाण्यापर्यंत जात. वादळात फुटली तर खलाशी जपानी किनाऱ्याला लागत आणि कैदेत पडत. चीनचा व्यापार तर बोस्टनच्या घराण्यांचा जुनाच धंदा. वाफेच्या जहाजांना वाटेत कोळसा हवा होता. आणि हे लोक आपल्यालाही परके नाहीत: १८३० च्या दशकात मुंबईत बर्फ आला तो याच बोस्टनहून, लाकडाच्या भुशात दाबून, अर्ध्या जगाला वळसा घालून. त्या बर्फासाठी फोर्टात वेगळं बर्फघर बांधलं होतं. तळ्यातला बर्फ उष्ण मुंबईत विकून दाखवणारं बंदर जपानकडे कोणत्या नजरेने बघत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

एक गोष्ट मात्र मला या मेडलकडे बघताना दरवेळी जाणवते. व्यापाऱ्यांनी आभार मानले, पण तोवर व्यापार सुरूच झालेला नव्हता. १८५४ च्या तहाने शिमोदा आणि हाकोदाते ही दोन बंदरं उघडली ती पाणी, लाकूड, अन्न, कोळसा घेण्यासाठी आणि फुटलेल्या जहाजांच्या माणसांना आसरा मिळावा म्हणून. मुक्त खरेदी-विक्रीचं कलम त्यात नाही. ते मिळवलं टाउनसेंड हॅरिसने. तो स्वतःच न्यूयॉर्कचा व्यापारी, १८५६ साली अमेरिकेचा पहिला कॉन्सल म्हणून शिमोदाला उतरला, आणि दोन वर्षं चिकाटीने बोलणी करून २९ जुलै १८५८ ला व्यापारी तह घेतला. म्हणजे तुमचं मेडल मिळालेल्या नफ्याचं नव्हे, अपेक्षेचं आहे. दार किलकिलं झालं आणि बोस्टनने हार घातला. मला ते म्हणूनच जास्त आवडतं.

अस्सल आहे का? फोटोवरून मला ते ठशाने पाडलेलं वाटतं, ओतीव नाही. अक्षरांच्या कडा उभ्या आणि धारदार आहेत. अक्षर आणि मागची सपाट जमीन जिथे भेटतात तिथे कोपरा स्वच्छ आहे. ओतीव नकलेत तो कोपरा गोलसर, साबणाच्या वडीवर उमटलेल्या नावासारखा होतो, आणि भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ते तुमच्या फोटोत दिसत नाहीत. पण फोटोवर मी शिक्का मारत नाही. दोन गोष्टी मुलाला करायला सांगा.

पहिली, कड. मेडल उभं धरून, दिवसाच्या उजेडात, दहापट भिंगाने पूर्ण गोल फिरवून कड बघायची. कडेच्या मधोमध केसासारखी रेघ सलग गेलेली दिसली तर ती विद्युतलेपनाने केलेली नक्कल असण्याची दाट शक्यता. त्या काळात संग्रहालयं आणि हौशी लोक अशा नकला उघडपणे करून घेत: दोन्ही बाजूंचे पातळ तांब्याचे पापुद्रे वेगळे करायचे, आत शिसं भरायचं आणि जोडायचे. फसवायचा हेतू नसे, पण दीडशे वर्षांनी ते कोण सांगणार? अशा नकलेत चेहरा इतका हुबेहूब उतरतो की नुसता चेहरा बघून मीही सांगू शकणार नाही.

दुसरी, घनता. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा, सोनाराकडे असतो तसा. आधी मेडलचं कोरडं वजन लिहून घ्यायचं. मग काट्यावर शुद्ध पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. मेडलला मऊ सुती दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं धरायचं. आता काटा जो आकडा दाखवेल तितके घनसेंटिमीटर मेडलचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. समजा वजन १४२.४ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा १६.० आला, तर भागाकार ८.९. तांबं तिथेच असतं. ७ ते ८ च्या मध्ये आला तर कथलाच्या मिश्रणाचं ओतकाम समजा, ९ च्या बरंच वर गेला तर आत शिसं आहे का याचा संशय घ्या. १०.३ च्या आसपास आला तर मला रात्री कितीही वाजता फोन करा, कारण मग रंगाखाली चांदी असू शकते. कडेला जोडाची रेघ दिसली असेल तर मात्र पाण्याचा प्रयोग करू नका, फटीतून पाणी आत जातं. एकदाच बुडवायचं, लगेच मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही, आणि पंख्याखाली वाळू द्यायचं.

अस्सलपणाला आणखी एक पदर आहे. मेडलवरचं साल म्हणजे ते पाडल्याचं साल असेलच असं नाही. अमेरिकन टांकसाळ जुने ठसे जपून ठेवायची आणि मागणी असेल तसे ब्राँझचे तुकडे नंतरही पाडून विकायची. हे बनावट नव्हे, ठसा तोच, टांकसाळ तीच. पण पहिल्या वेळचा तुकडा आणि पन्नास वर्षांनंतरचा तुकडा यांच्या किमतीत फरक पडतो. ओळखायला रंग मदत करतो. एकोणिसाव्या शतकातले तुकडे गडद, शिसवी लाकडासारखे तपकिरी आणि गुळगुळीत असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टांकसाळीने ती पद्धत सोडली आणि पिवळसर ब्राँझ, बारीक वाळू मारल्यासारखी मंद झिलई वापरायला घेतली. तुमचा तुकडा फोटोत गडद दिसतोय आणि नाकाच्या शेंड्यावर, गालावर रंग जरा उजळलाय. शंभर-दीडशे वर्षं हाताळलेल्या मेडलला असंच व्हायला हवं. माझा कल जुन्याकडे आहे. पक्कं बोलायला प्रत्यक्ष हातात घ्यावं लागेल.

आता पुढे काय जमवावं. पेरीच्या मेडलच्या शेजारी ठेवायला माझ्या मते एकच योग्य आहे, १८६० च्या जपानी वकिलातीचं, म्हणजे अमेरिकेला गेलेल्या वकिलांच्या शिष्टमंडळाचं.

हॅरिसच्या तहाच्या प्रतींची अदलाबदल वॉशिंग्टनला करायची होती, म्हणून शोगुनाने, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाने, आपली माणसं पाठवली: शिन्मी मासाओकी, मुरागाकी नोरिमासा आणि ओगुरी तादामासा, सगळा लवाजमा ७७ जणांचा. पॉव्हाटन या अमेरिकन युद्धनौकेवरून ते निघाले, आणि जपानची स्वतःची कान्रिन मारू पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेली. त्यांच्या स्मरणार्थ फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतल्या अँथनी पाके याने मेडल कोरलं. व्यास ७६ मिलिमीटर, तुमच्यापेक्षा मोठं. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष बुकॅनन, दुसऱ्या बाजूला जपानहून अमेरिकेला आलेल्या पहिल्या वकिलातीच्या स्मरणार्थ अशा अर्थाचा मजकूर आणि १८६०. तिन्ही वकिलांना सोन्याचं, अधिकाऱ्यांना चांदीचं, बाकीच्यांना तांब्याचं. इथे देणारं सरकार आहे, आणि ते लगेच दिसतं: चेहरा पाहुण्याचा नाही, यजमानाचा. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी ज्याचे आभार मानायचे त्याचा चेहरा कोरला, वॉशिंग्टनने आपल्या अध्यक्षाचा कोरला.

ही वकिलात व्यापाराच्या दृष्टीने का मोलाची, हे कळायला मेडल पाडणाऱ्या त्याच टांकसाळीत जावं लागेल. १८५९ मध्ये योकोहामा उघडलं आणि जपानमधून सोनं वाहायला लागलं. कारण साधं होतं. जपानात सोन्या-चांदीचं प्रमाण साधारण १ ला ५ होतं, बाहेरच्या जगात १ ला १५. तहात लिहिलं होतं की परकीय नाणी जपानी नाण्यांशी वजनास वजन बदलून मिळतील. मग हिशेब असा: चांदीचे ४ डॉलर द्या, १२ इचिबू, म्हणजे चांदीची जपानी नाणी, घ्या. ४ इचिबूंचा १ सोन्याचा कोबान, म्हणजे हातात ३ कोबान. ते शांघायला नेऊन विका, १२ डॉलरच्या आसपास मिळत. जहाजातून एक खेप, पैसे तिप्पट. खलाशीसुद्धा यात उतरले होते.

ओगुरी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत याच कामासाठी गेला. कोबान आणि डॉलर दोन्ही त्याच्यासमोर कसाला लावावेत असा त्याने आग्रह धरला. टांकसाळीतल्या लोकांनी नेहमीप्रमाणे नाण्याचा छोटा तुकडा कापून तपासायची तयारी दाखवली. ओगुरीला ते मान्य नव्हतं, अख्खं नाणं वितळवून तपासा म्हणाला. तासन् तास ही माणसं तिथे बसून होती, स्वतःचा तराजू आणि मणी सरकवायची गणकपाटी घेऊन. कोबानात अमेरिकेच्या हिशेबाने किती सोनं आहे हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं. मला विचाराल तर जपान-अमेरिका व्यापारी मुत्सद्देगिरीचा सगळ्यात देखणा प्रसंग हा आहे. मेजवान्या आणि नाच बरेच झाले, न्यूयॉर्कमध्ये तर मोठा बॉल झाला, पण तलवार कमरेला लावलेला माणूस मुशीजवळ बसून दुसऱ्याच्या तराजूवर स्वतःच्या नाण्याची किंमत ठरवून घेतोय, हे चित्र काही वेगळंच. तिकडे जपानने त्याच वर्षी नवा कोबान काढला. आधीचा, तेम्पो काळातला कोबान ११.२ ग्रॅमचा, हा ३.३ ग्रॅमचा. सोन्याची गळती थांबली, पण घरातली महागाई भडकली.

ही मंडळी परतली तोवर तहावर सही करायला लावणारा प्रधान ई नाओसुके मारला गेला होता आणि परकीयांशी जवळीक दाखवणं जिवावर बेतेल अशी हवा होती. अमेरिकेच्या अध्यक्षाचा चेहरा असलेलं मेडल कोण दिवाणखान्यात मांडणार? ओगुरीला तर १८६८ मध्ये नव्या राजवटीच्या लोकांनी देहदंड दिला. म्हणून जपानी घराण्यातून निघालेलं, कागदपत्रांसकट असलेलं १८६० चं मेडल दिसलं तर ते खूप जपून बघा. अमेरिकेत फिरणारे तांब्याचे तुकडे बहुतेक तिथल्याच संग्राहकांसाठी पाडलेले असतात.

तिसरा टप्पा म्हणजे १९०८ आणि १९०९. इथे वस्तू लहान होतात आणि माणसं वाढतात. कॅलिफोर्नियात जपानी स्थलांतरितांविरुद्ध वातावरण तापलं होतं. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी जपानी मुलांना वेगळं काढायचा घाट घातला. सरकारं पत्रं लिहीत होती, पण धंदा अडकलेली माणसं होती ती दोन्हीकडच्या चेंबर्स ऑफ कॉमर्समधली, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनांमधली. ऑक्टोबर १९०८ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या चेंबर्सचं शिष्टमंडळ जपानला जाऊन आलं. पुढच्या वर्षी परतभेट. शिबुसावा एइइची, वय ६९, यांच्या नेतृत्वाखाली टोकियो, ओसाका, क्योटो, योकोहामा, कोबे आणि नागोया या सहा शहरांतले उद्योगपती १९ ऑगस्ट १९०९ ला मिनेसोटा जहाजाने निघाले, १ सप्टेंबरला सिअॅटलला उतरले. तिथून खास आगगाडी. तीन महिन्यांत पन्नासहून जास्त शहरं, कारखाने, बँका, विद्यापीठं. वाटेत राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांचीही भेट झाली. ३० नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून परतीचं जहाज.

शिबुसावा आपल्याला परका नाही. जपानच्या १०,००० येनच्या नव्या नोटेवर २०२४ पासून त्याचाच चेहरा आहे, पण मुंबईचा दुवा त्याहून जुना. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले तेव्हा त्याच्याशीच बोलणं झालं. मुंबईचा कापूस जपानच्या गिरण्यांना जायचा आणि भाडं परदेशी जहाज कंपन्या मनमानी घ्यायच्या. त्यावर उतारा म्हणून त्याच वर्षी निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीची कोबे ते मुंबई अशी जहाजं सुरू झाली. १९०९ साली अमेरिका फिरणारा हा माणूस व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांशी थेट बोलावं हे तत्त्व आधी मुंबईच्या कापसावर वापरून आलेला होता. न्यूयॉर्कला गेल्यावर तो ब्रुकलिनच्या स्मशानभूमीत टाउनसेंड हॅरिसच्या समाधीवर डोकं टेकवून आला. म्हणजे १८५८ चा धागा त्याच्या मनात पक्का होता.

या काळातल्या वस्तू म्हणजे मेडलपेक्षा बिल्ले म्हणा: वर पिन असलेली पट्टी, मध्ये रेशमी फीत, खाली लोंबणारी चकती, कधी मीनाकाम केलेले दोन झेंडे. स्वागत समितीचा वेगळा, पाहुण्यांचा वेगळा. त्या पट्टीच्या मागे बिल्ले बनवणाऱ्या कारखान्याचं नाव बारीक अक्षरात ठोकलेलं असतं, ते आधी शोधा. फीत फाटकी असली तरी बदलू नका. नवी फीत लावलेला बिल्ला म्हणजे नवं पान घातलेली जुनी पोथी.

जपानी बाजूचे तुकडे बहुधा किरी लाकडाच्या हलक्या डबीत येतात आणि झाकणावर शाईने लिहिलेलं असतं. डबी फेकू नका, कित्येकदा मेडलपेक्षा तीच जास्त सांगते. साल वाचायला जपानी यायला हवं असं नाही. अधिकच्या खुणेसारखं चिन्ह म्हणजे १०, दोन आडव्या रेघा म्हणजे २, एक आडवी रेघ म्हणजे १, आणि चौकोनी चौकटीत लोंबणारे दोन पाय म्हणजे ४. चौकट, अधिक, दोन रेघा असा क्रम दिसला की ४ गुणिले १० अधिक २, झाले ४२. मेजी हा तेव्हाच्या जपानी सम्राटाचा शक. मेजी ४२ म्हणजे १८६७ मध्ये ४२ मिळवा, १९०९. शेवटची रेघ एकच असेल तर ४१, म्हणजे १९०८. एक खबरदारी: त्या काळी आडवा मजकूर उजवीकडून डावीकडे लिहीत. डावीकडून वाचायला गेलात तर सालाचं काहीच जुळणार नाही आणि तुम्ही खरा तुकडा खोटा समजून सोडून द्याल.

फसगत होते ती बहुतेक दोन वस्तूंवरून. जपानी रेड क्रॉसच्या सभासदत्वाची मेडलं ढिगाने सापडतात, विकणारे त्यांना राजनैतिक सन्मान म्हणतात. आणि १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाचं मेडल. त्याच्यावर एकमेकांत अडकवलेले दोन झेंडे असतात, म्हणून ते ‘मैत्रीचं मेडल’ म्हणून खपवलं जातं. दोन्ही झेंडे जपानचेच आहेत, एक सैन्याचा, एक नौदलाचा. मैत्रीच्या बिल्ल्यावर एक झेंडा तारे-पट्ट्यांचा असायलाच हवा, आणि कुठेतरी चेंबरचं, शहराचं किंवा शिष्टमंडळाचं नाव. नाव नाही तर घाई करू नका.

किमतीचा आकडा मी देत नाही, कारण फोटोवरून दिलेला आकडा घरात भांडण लावतो. एवढं सांगतो: इंटरनेटवर विक्रेते जी मागतात ती किंमत नव्हे, लिलावात खरंच जी मिळाली ती किंमत. मोठ्या लिलावगृहांचे जुने निकाल मोफत बघता येतात. पेरी, बोस्टन मर्चंट्स, १८५६ असं शोधा, मग धातू तोच, व्यास तोच, रंग तसाच असलेले चार-पाच निकाल काढा. घासलेले तुकडे वेगळे ठेवा, त्यांचा भाव वेगळाच असतो.

ठेवायचं कसं तर आम्लरहित कागदाच्या पाकिटात आणि ते पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. नाशिकचा पावसाळा मुंबईइतका वाईट नाही, तरी पुडी दर दोन महिन्यांनी बदला. मऊ प्लॅस्टिकच्या पारदर्शक खिशांचे अल्बम टाळा, त्यातून हिरवट चिकट थर धरतो. धरताना कडेने धरा, हात धुऊन कोरडे करून.

आणि मुलाला आणखी एक काम सांगा, हे लवकर करायला हवं. ज्या घरातून मेडल घेतलं त्या विक्रीची पावती असेल तर जपून ठेवायला सांगा, आणि विकणाऱ्यांना विचारायला सांगा की त्या घरातलं कुणी जहाजांच्या किंवा चीनकडच्या व्यापारात होतं का, आणि मेडलची मूळ डबी, एखादं पत्र, एखादी वही अजून तिथे पडली आहे का. अशा विक्रीत उरलेले कागद आठवडाभरात रद्दीत जातात. कडेचे चार फोटो आणि घनतेचा आकडा मिळाला की मला पाठवा.